सगळ्यात मागची जागा

ओतूरच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होते, तेव्हा फोन वाजला. "तांबोळी बाई गेल्या गं…" पलीकडून माझी वर्गमैत्रीण सुनंदा म्हणाली. मी जुडी हातात धरून तशीच उभी. भाजीवाल्या मावशींनी रिकामी पाटी पालथी घालून मला बसायला दिली.

त्याला महिना झाला. बाई जुन्नरच्या, आमच्या वाडीच्या शाळेत एसटीने यायच्या. मी त्यांच्या चौथीच्या वर्गातली हुशार मुलगी. हे नम्रपणे सांगत नाहीये, कारण तेव्हाही मी नम्र नव्हते. बाई खडू खाली ठेवायच्या आत माझं उत्तर तयार असायचं, आणि शेजारची अजून गणितच उतरवत असली की मला तिचा रागच यायचा. अशा मुलीला मॉनिटर करतात, भाषणाला उभी करतात. बाईंनी वेगळंच केलं. आमची वस्ती शाळेपासून दोन किलोमीटर, दोन्ही अंगांना ऊस आणि उसात बिबट्या. म्हणून आम्ही नऊ पोरं एकत्र, मोठमोठ्याने पाढे म्हणत घरी जायचो.

"आजपास्नं तू ह्यांची म्होरकी," बाई म्हणाल्या. मी लगेच पुढे जाऊन उभी राहिले.

"तिथं न्हाई. सगळ्यात मागं."

"मागं राहून कुनी म्होरकी असतं व्हय, बाई?"

"चालून तर बघ."

दोन दिवस मागे चालले. पहिलीतली मंदा प्रत्येक मुंगळ्यापाशी थांबायची. तिसऱ्या दिवशी माझा धीर संपला. एकोणतीसचा पाढा ठणकावत मी पुढे निघाले, बाकीचे धापा टाकत मागे. वस्तीवर येऊन मोजलं, तर माझ्यासकट आठच! एकटीच ओरडत, रडत उलटी पळाले… वळणावरच्या बांधावर मंदा बसली होती. शेजारी बाई, तिच्या चपलेचा अंगठा बसवत. तिन्ही दिवस त्या लांबून आमच्या मागे येत होत्या, आणि मग पुढच्या फाट्यावर एसटी धरत होत्या!

मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण बाईंनी एवढंच विचारलं, "मंदाला एकोणतीसचा येतो का गं?"

"न्हाई."

"मग ती तुमच्यासंगं वरडनार कशी?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोनचा पाढा म्हणत निघालो. सगळ्यात मोठा आवाज मंदाचा. ऊस काय, आख्खी वाडी हादरायची!

गेल्या रविवारी आम्ही वेगवेगळ्या वर्षांचे अकरा जुने विद्यार्थी बाईंच्या घरी गेलो. बोलता बोलता गंमत कळली. बाईंनी दरवर्षी वर्गातल्या सगळ्यात हुशार पोराला मागे लावलं होतं, आणि आमच्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की ती जागा फक्त आपली! इतकं हसलो की बाईंची लेक नसीमही चहा सांडत हसली. निघताना दारात कुणी पुढे होईना. "तुमी व्हा भाऊ पुढं." "न्हाई, आधी तुमी." नसीम म्हणाली, "एवढी हुशार पोरं अम्मीची, आन् उंबरा वलांडता येईना!"

शेवटी मीच हट्टाने मागे राहिले. सगळ्यांना बाहेर काढलं, अंगणात मोजलं. अकराच्या अकरा होतो. तरी मी मागे वळून पाहिलं.