कंपाउंडरकाकांनी वाचवलेला जीव

घरी बायकोला डोकेदुखीची गोळीसुद्धा तारीख बघून देणारे कंपाउंडरकाका तुरुंगात फाशीच्या कैद्यांना फाशीआधी गुंगीची गोळी देत. सरकारला म्हणे माणूस शांतपणे मेलेला आवडतो. एकदा गोळ्याच संपल्या. तुरुंगाचे साहेब म्हणाले, "जप्तीच्या मालातली गर्दची पुडी द्या. सरकारी हात लागला की विषाचंही औषध होतं!"

काकांनी पुडी पेलाभर पाण्यात कालवली. अशाच पुड्यांची तस्करी केली म्हणून फाशी झालेल्या कैद्याने नुसता वास घेतला आणि पेला दूर सारला.

"काका, हा माझाच माल. भेसळीचा आहे, एखादा दगावेल!"

काका हादरले. त्यांनी पेला मोरीत ओतला आणि माणसाचा जीव वाचवल्याच्या समाधानात, त्याचा हात धरून, ते फाशीघराकडे निघाले.