विसाव्याच्या दिवशी धोटा

हातमागाच्या कारखान्यात तिला सगळे 'हेकट मावशी' म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. वर्षातला एक दिवस ती मागाला हात लावत नसे. विणकरांचा जुना रिवाज: त्या दिवशी मागावर धुतलेली चादर घालायची, आडवा धागा नेणारा धोटा काढून ठेवायचा, सुताला बोटसुद्धा लावायचं नाही. वर्षभर खडखडणाऱ्या मागाला तेवढाच विसावा. मुकादमाच्या धाकाने बाकीच्यांनी हा रिवाज केव्हाच गुंडाळून ठेवला होता. मावशीने तीस वर्षं बोलणी खाल्ली, दोनदा आठवडाभर बिनपगारी घरी बसली, पण दिवस मोडला नाही.

यंदा सरकारला जाग आली. विसाव्याच्या दिवसाला अधिकृत सुट्टी जाहीर झाली, शिक्क्याचा कागद निघाला. ज्यांनी जन्मात तो दिवस पाळला नव्हता ते छाती काढून फिरू लागले. मुकादम तर ही मागणी आपणच लावून धरली होती असं सांगत सुटला.

मग सांस्कृतिक खात्यातले साहेब निमंत्रण घेऊन घरी आले. सभागृहात माग मांडायचा आणि मंत्र्यांसमोर मावशीने पाच मिनिटं विणून दाखवायचं.

"त्याच दिवशी, साहेब?"

"अहो, सुट्टीच त्या दिवशी आहे ना!"

"त्या दिवशी माग चालवत नाहीत. म्हणून तर सुट्टी."

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "असं यात कुठे लिहिलेलं नाही," म्हणाले. धन्य ते खातं!

"आई, पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळणार आहे?" मुलगा म्हणाला. तो त्याच खात्यात हंगामी कारकून होता आणि साहेबांनी त्याला कायम करायचं गाजर दाखवलं होतं.

"येईन," मावशी म्हणाली, "पण विणणार नाही. मागावर चादर घालीन आणि का घातली ते सांगेन." साहेबांनी मान डोलावली. त्यांनी ऐकलं मात्र 'येईन' एवढंच.

सभागृह गच्च भरलं होतं. मावशीने पिशवीतून चादर काढली तसे साहेब धावत आले. "मावशी, बसा ना मागावर!"

"नाही बसायची."

मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं. साहेबांनी कारकुनांच्या रांगेकडे पाहिलं. तिथून मुलगा उठला, "आईची तब्येत बरी नाही," असं माईकवर म्हणाला आणि मागावर बसला. धोटा सरसर फिरू लागला. हात सफाईदार होता, एक धागा तुटला नाही. आपल्यामागे कला बुडू नये म्हणून मावशीनेच त्याचं मनगट धरून शिकवलं होतं.

"बघा," मंत्री टाळ्या वाजवत म्हणाले, "परंपरा पुढच्या पिढीच्या हाती सुरक्षित आहे!"

तीस वर्षांत मुकादमाचीही आली नव्हती एवढी चीड मावशीला त्या टाळ्यांची आली. चादर काखेत मारून ती मंचावरून खाली उतरली. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मुलगा विणतच होता, कारण त्याला अजून कोणी थांब म्हटलं नव्हतं.