सुईमावशीची पाहुणी

पाहुणी दुपारच्या बसने उतरली, तेव्हा सुईमावशी दारात बसून ताडपत्रीला ठिगळ लावत होती. बस निघून गेली, धूळ खाली बसली, आणि समोर एक उंच, हडकुळी, पिकल्या केसांची बाई उभी दिसली. एका खांद्याला पिशवी, गळ्यात दुर्बीण, आणि दुसऱ्या खांद्यावर कापडात गुंडाळलेलं लांबट काहीतरी. कापडाच्या टोकातून लाकडाचे तीन पाय बाहेर आले होते.

"खोली मिळते ना इथे?" तिने विचारलं. आवाज गरजेपेक्षा मोठा होता.

"मिळते की. वरची. जिना जरा जपून चढा."

गावात मुक्कामाला ही एवढी एकच खोली, आणि मुक्काम करावा असं गावात काही नव्हतं. कालव्याचा पूल, बियाण्यांचं दुकान, लोहाराची शेड, त्याच्या समोर मावशीचं घर, आणि मग नजर पोहोचेल तिथवर शेतं. खोलीत उतरायचे ते ट्रकवाले, नाहीतर मळणीयंत्र दुरुस्त करणारे. नुसतं फिरायला म्हणून आजवर कोणी आलं नव्हतं. मावशीने खोली झाडून दिली, पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि पुन्हा ठिगळाला लागली.

तिचं खरं नाव गाव कधीच विसरून गेलं होतं. गावातली झाडून सगळी पोती तिच्या हाताखालून जायची. उजव्या तळहाताला चामड्याचा पट्टा, बोटांत दाभण, दातांत सुतळीचं टोक. सुगीच्या दिवसांत पोत्यांचा ढीग छताला टेकायचा आणि मावशी त्यात कुठे बसली आहे ते आवाजावरून ओळखावं लागायचं. बोलायला फटकळ, पण काम चोख. उसवलं म्हणून पोतं परत आणल्याचं कोणाला आठवत नाही.

हे काम तिने हौसेने धरलं नव्हतं. नवरा होता तेव्हा कालव्याच्या पलीकडे दोघांचं शेत होतं. एके वर्षी एक मोजणीवाला आला. गोड बोलायचा. तीन पायांच्या घोडीवर यंत्र लावून दिवसभर एक डोळा मिटून उभा राहायचा, आणि ऊन वाढलं की बांधावर येऊन मावशीकडे पाणी मागायचा. ती द्यायचीही. पुढच्या वर्षी त्यांच्या उभ्या पिकातून खुंट्या गेल्या आणि त्याच्या पुढच्या वर्षी रस्ता. शेताचे दोन तुकडे झाले. दोन्ही इतके अरुंद की औत वळवायला जागा नाही. नवऱ्याने त्यानंतर बांधावर पाऊल ठेवलं नाही. घरातच भिंतीकडे तोंड करून बसायचा, आणि तसाच एका थंडीत गेला. त्या रस्त्याने गावातली बरीच घरं पोळली होती, पण मावशीचं घर सगळ्यात जास्त.

म्हणूनच दोन-तीन दिवसांत ही बाई मोजणीची असावी अशी कुजबुज गावात सुरू झाली, तेव्हा ती पहिल्यांदा मावशीलाच खरी वाटली.

पाहुणी सकाळी लवकर निघायची. ते तीन पायांचं लाकूड खांद्यावर टाकून कालव्याच्या काठाने चालत जायची, कुठेतरी थांबायची, आणि दुर्बीण डोळ्यांना लावून तासन्‌तास समोर बघत राहायची. आज या बांधावर, उद्या त्या. लोहाराने तिला लांबून पाहिलं. शेतातून येणाऱ्या बायकांनी पाहिलं. कोणीतरी मागून हाक मारली, तर तिने वळूनही बघितलं नाही.

"ऐकून न ऐकल्यासारखं केलं तिने," लोहार मावशीला सांगत होता. "मन साफ असेल तर माणूस 'ओ' देईल की नाही?"

"तुझा आवाज ऐकून कोण ओ देईल?" मावशी म्हणाली खरी, पण दाभण हातातच राहिली.

संध्याकाळी पाहुणी जिना चढत असताना मावशीने खालून विचारलं, "बाई, दिवसभर काय मोजता हो शेतात?"

पाहुणी वळली नाही. कठड्याला धरून चढता चढता म्हणाली, "हो, हो, हवा छान आहे इथली."

मावशीला मोजणीवाला आठवला. तोही असाच होता. विचारलं एक की सांगायचा दुसरंच, आणि वर हसायचा.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. मावशीचा धाकटा भाऊ कालव्याचं पाणी पाळीपाळीने शेतांना सोडायचा, म्हणून सगळे त्याला पाटकरी म्हणत. पाणी त्याच्या हातात, म्हणून गावात त्याच्या शब्दाला वजन. रस्त्यानंतर मावशीचा नवरा गेला, तेव्हा खांदा त्यानेच दिला होता.

"ताई, तिला जायला सांग."

"का?"

"का म्हणून मला विचारतेस? तू?" तो उभ्यानेच बोलत होता. "कालवा रुंद करायचा घाट घातलाय म्हणे वरच्या लोकांनी. दोन्ही काठांची जमीन जाणार. या वेळी बाई पाठवली, संशय यायला नको म्हणून."

"कोणी सांगितलं तुला?"

"सगळे म्हणतात."

"सगळे म्हणजे लोहार."

"ताई, हसण्यावारी नेऊ नकोस. लोक तापलेत. मी आवरून धरलंय, पण किती वेळ धरू?"

तो गेला. मावशीने हातातलं पोतं शिवून पूर्ण केलं, मग बघते तर दोन्ही तोंडं शिवून टाकली होती. स्वतःलाच शिव्या घालत तिने एक बाजू उसवली. पाहुणीला सरळ जा म्हणावं, असं तिच्या ओठांवर पुष्कळदा आलं. पण काय म्हणून सांगायचं? भांडी लख्ख घासून ठेवणारी, जिन्यात मावशी दिसली की अंग चोरून वाट देणारी बाई. आणि खरंच मोजणीची असेल तर? तर तिला पाण्याचा तांब्या भरून देणारी मावशी कोण ठरली? दुसऱ्यांदा तीच चूक?

त्यातच कालव्याचं पाणी उतरलं. वरच्या अंगाला दरवाजा अडकला असेल, दरवर्षी अडकतो. पण त्या दिवशी सगळ्यांनी बोट दाखवलं ते पाहुणीकडे. दुपारी पाहुणी परतली ती नेहमीसारखी, आपल्याच नादात. मागून येणारी माणसं तिच्या गावीही नव्हती. मावशीने दारातून पाहिलं. आधी चार-पाच, मग पुलावरून आणखी, मग लोहाराची शेड रिकामी झाली. पाहुणी आत येताच मावशीने दार लोटून घेतलं आणि कडी घातली.

"काय झालं?" पाहुणीने विचारलं.

मावशीने तिचे दोन्ही दंड धरले आणि तिला समोरासमोर उभं केलं. "खरं सांगा. माझ्या डोळ्यांत बघून सांगा. तुम्ही जमीन मोजायला आलात?"

पाहुणी डोळ्यांत बघत नव्हती. तिची नजर मावशीच्या ओठांवर होती. मावशी बोलायची थांबली तशी ती क्षणभर गोंधळली, आणि मग म्हणाली, "जमीन? मी का मोजू जमीन? मी कापडाच्या गिरणीत होते हो. मागावर. सगळं आयुष्य त्या खडखडाटात गेलं. डावा कान पार गेलाय, उजवा थोडा राहिलाय." ती जरा ओशाळली. "पाखरांचा आवाज आता येत नाही, म्हणून बघते नुसती. एवढंच."

बाहेरून दारावर थाप पडली.

मावशीला त्या घडीला तिचं पटलं का? पुढे कोणी विचारलं तर ती सरळ सांगायची, "अर्धं पटलं." मोजणीवाल्यालाही रडवेलं तोंड करता यायचं. पण वर खोलीची काच खळ्ळकन फुटली, ढेकूळ पलंगावर पडल्याचा आवाज आला, आणि मावशीचा उरलेला अर्धा विचार तिथेच संपला. पाहुणीला तिने पोत्यांच्या ढिगामागे बसवलं. कडी काढली, दार उघडलं आणि अर्धवट शिवलेली ताडपत्री ओढत आणून उंबऱ्यावर फतकल मारून बसली. दार त्या ताडपत्रीने आणि मावशीने पुरतं भरून गेलं.

"ताई, बाजूला हो." भाऊ सगळ्यांच्या पुढे उभा होता.

"काम आहे मला." तिने दाभण ओवली. दोनदा ओवावी लागली.

"तिचं ते लाकूड आणि पिशवी बाहेर दे. आम्ही बघतो आणि जातो."

"बाईमाणसाची पिशवी रस्त्यावर उपसणार? आई असती तर थोबाडीत दिली असती तुझ्या."

मागून कोणीतरी ओरडलं, "स्वतःचं शेत घालवलं, आता आमचं घालवायला निघालीस!"

मावशीने मान वर केली. हे कोण बोललं ते तिला आवाजावरून कळलं होतं. त्याची पोती कोपऱ्यात शिवून तयार होती. ती एवढंच म्हणाली, "माझं शेत गेलं ते मला माहीत आहे. म्हणूनच सांगते, ही माझ्या छपराखाली आलेली आहे. हिला हात लावायचा तर मला ओलांडून जा."

भावाने खाली वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, ऊठ. मी विनवतो तुला. हे माझं ऐकायचे नाहीत." त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. ती ऐकून मावशीही प्रथमच खरी घाबरली.

"हात काढ," ती हळूच म्हणाली.

तो हात काढणार, तेवढ्यात मागून रेटा आला. माणसं माणसांवर लोटली. भाऊ तोंडावर पडला तो थेट तिच्या अंगावर, आणि मावशीची दाभण तिच्याच डाव्या पंजातून आरपार गेली.

ती ओरडली नाही. नुसता श्वास आत ओढला. भाऊ धडपडत उठला, त्याने खाली पाहिलं आणि तो जागच्या जागी पांढराफटक पडला. ताडपत्रीवर लाल डाग पसरत चालला. पुढची माणसं मागे सरली, मागच्यांना कळेना, मग त्यांनाही कळलं. रेटा थांबला.

पोत्यांमागून पाहुणी आली. तिने कोणाकडे पाहिलं नाही. मावशीजवळ गुडघे टेकले, मनगट आपल्या मांडीवर घट्ट दाबून धरलं, सुतळी दातांनी तोडली आणि दाभण एका झटक्यात सरळ ओढून काढली. मग डोक्याचा रुमाल सोडून जखमेवर आवळून बांधला. "गिरणीत रोजचं होतं हे," ती पुटपुटली. "हात वर धरा. छातीच्या वर."

भावाला काहीतरी बोलायलाच हवं होतं. तो पाहुणीच्या डाव्या अंगाला उभा होता. "बाई, तुम्ही इथे काय करता?" त्याने विचारलं. पाहुणी गाठ मारत राहिली. त्याने पुन्हा विचारलं. लोहार म्हणाला, "बघा, बघा, बोलत नाही!"

"अरे गाढवा," मावशी कळ सोसत म्हणाली, "त्या कानाने ऐकू येत नाही तिला. उजवीकडे ये."

पाटकरी मुकाट्याने वळसा घालून उजवीकडे आला आणि खाली बसला. त्याने तेच पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्याने आणि सावकाश.

"पाखरं बघते," पाहुणी म्हणाली.

कोणी हसलं नाही. भाऊ आत गेला आणि कापडात गुंडाळलेलं ते लाकूड घेऊन आला. गाठ सोडली, पाय फाकवले. वर कातड्याचा त्रिकोणी तुकडा ताणला गेला. बसायचं घडीचं स्टूल होतं ते. ते हातात धरून तो गल्लीच्या मधोमध उभा राहिला. कुठे ठेवावं, कोणाला द्यावं, काहीच त्याला सुचेना. तोवर गर्दी कडेकडेने विरत गेली. लोहाराच्या शेडमधून थोड्या वेळाने हातोड्याचे ठोके ऐकू येऊ लागले, नेहमीपेक्षा जोरात.

दुसऱ्या दिवशी पाहुणी निघाली. मावशी हात गळ्यात बांधून तिला बसपर्यंत सोडायला गेली. दारादारांत माणसं उभी होती. मावशी तिच्या उजव्या बाजूने चालत होती, तरी दोघींत बोलणं फार झालं नाही.

"माझ्यामुळे झालं," पाहुणी बस दिसल्यावर म्हणाली.

"तुमच्यामुळे नाही," मावशी म्हणाली. "ओ देता येत नाही हे आधी सांगायचं होतंत, एवढंच." आणि मग दोघींनाही हसू आलं, पहिल्यांदाच.

हात बरा व्हायला फार वेळ लागला. करंगळी आणि शेजारचं बोट पुढे कधी नीट मिटली नाहीत. सुगी तोंडावर आलेली आणि पोत्यांचा ढीग वाढत चाललेला. एके सकाळी भाऊ येऊन आत बसला. पाणी सोडून झालं म्हणाला. त्याने न विचारता चामड्याचा पट्टा हाताला बांधला आणि एक पोतं पुढे ओढलं. वेडेवाकडे टाके घालत राहिला. मावशी बघत होती.

"ताई," तो मान खाली घालूनच म्हणाला, "मला वाटलं होतं, रस्त्याच्या वेळी नाही जमलं, या वेळी तरी तुझ्यासाठी उभं राहावं."

मावशीने त्याच्या हातातल्या पोत्याकडे पाहिलं. बाहेरून एक ट्रक गेला, काचा हादरल्या. वरच्या खोलीची फुटकी काच अजून तशीच होती, तिथे पोतं ठोकलेलं होतं.

"सुतळी ओढून धर," ती म्हणाली. "सैल टाक्यातून दाणे गळतात."

गावात अजूनही काहीजण म्हणतात की ती बाई पक्की मोजणीवाली होती, स्टूल वगैरे सगळं नाटक. मावशीसमोर कोणी म्हणत नाही. आणि पाटकरी त्या सुगीत रोज सकाळी पोती शिवायला येत राहिला.