उंच सीट

शर्यतींचा मोसम संपला की मी रोज सकाळी दम टिकवायला पन्नास किलोमीटर सायकल चालवायचो. चामराजपेटेतून परतताना एका घराच्या ओट्यावर एक तरुण दिसायचा. रेसची सायकल रोलरांवर ठेवून जागच्या जागी पेडल मारायचा, एक हात भिंतीला टेकवून. सीट इतकी उंच की त्याचा पाय पेडलला जेमतेम पोचायचा. मला ते बघवेना. एकदा थांबून म्हटलं, "सीट स्वल्प खाली घ्या, गुडघे जातील."

"ती अण्णाच्या मापाची आहे," तो म्हणाला.

अण्णा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. गेल्या वर्षी सराव करताना होसूर रोडवर लॉरीखाली गेला. आई आत अंथरुणाला खिळलेली, नजरही गेलेली. तिला सांगायचा धीर कुणाला झाला नाही. रोलरची घरघर ऐकली तरच ती सकाळचा चहा घ्यायची. हे सगळं त्याने हळू आवाजात सांगितलं, पेडल न थांबवता.

यंदाच्या पहिल्या शर्यतीला मी पाठीवर नंबर लावून त्याच रस्त्याने निघालो. ओट्याजवळ पोचलो तोच आतून आवाज आला, "अण्णा, रेस कधी रे?"

त्याने माझा नंबर पाहिला. मग भावासारखा घोगरा आवाज काढून म्हणाला, "अजून लांब आहे, आई."

मी खाली उतरलो. रेसच्या सायकलच्या मागच्या चाकाची टिकटिक तिला ऐकू जाऊ नये म्हणून सायकल खांद्यावर घेतली आणि कोपऱ्यापर्यंत चालत गेलो.