हरल्यानंतरची सही

हरल्यावर सही करायची असते, हे टेनिसबाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला गंमत वाटते. पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात हरलेल्या मुलीची स्पर्धा खरं तर तिथं संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिला सामना सुरू व्हायच्या अर्धा तास आधी, तिनं मुख्य पंचांच्या टेबलापाशी जाऊन एका कागदावर सही करायची. मुख्य स्पर्धेतली कुणी आजारी पडली, कुणाचा पाय मुरगळला, तर सही केलेल्यांपैकी एकीला तिच्या जागी खेळायला मिळतं. सही नसेल तर नाव पुकारलं जात नाही. बऱ्याच मुली सही करायला येत नाहीत. हरलेल्या माणसाला घर दिसत असतं.

मी मात्र एकदाही चुकवलेली नाही. आता माझं नाव बहुतेक ठिकाणी थेट मुख्य स्पर्धेत लागतं, परदेशातल्या पंचांना ते नीट उच्चारताही येऊ लागलंय, आणि हे मी जरा मिरवूनच सांगते. पण हे सगळं सुरू झालं ते लखनौमध्ये केलेल्या एका सहीमुळे.

बाबा रेल्वेत रुळांचे इंजिनिअर. मूळ वर्ध्याचे, बदल्या होत होत लखनौला आले आणि तिथल्या महानगर नावाच्या वस्तीतल्या घरात आम्ही कायमचे झालो. माझा सराव शहराच्या कडेला, चिनहटला. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मागं दोन सिमेंटची कोर्टं होती, तिथं सर शिकवायचे. पहाटे बाबांच्या स्कूटरवर मागं बसून फैजाबाद रोडनं जायचं, ट्रकांचा धूर खायचा, आणि पोचल्यावर सरांचा ओरडा. "बिटिया, पैर चलाओ, मुँह नहीं!" माझं तोंड जरा जास्त चालायचं हे खरं आहे. अजूनही चालतं.

पहिल्याच दिवशी बाबा कोर्टाच्या कोपऱ्यात उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि रूळ तपासतात तसं मागच्या पांढऱ्या रेषेकडे बघत राहिले. मग उठून म्हणाले, "सर, ये लाइन टेढ़ी है." सर भडकले. मी मान खाली घातली. टेप आणून मापलं, तर रेषा खरंच वाकडी निघाली. त्या दिवसापासून सर बाबांना चहा पाजू लागले, आणि मला मात्र कळून चुकलं की या माणसाच्या नजरेतून काही सुटणार नाही.

बाबांचा एक नियम होता. वेटिंगच्या तिकिटावर आमच्या घरातलं कुणी कधी स्टेशनवर गेलं नाही. रेल्वेचा माणूस असून! आई चिडायची, "अहो, तुमच्या ओळखी कशाला आहेत?" बाबा म्हणायचे, "कन्फर्म असेल तर जायचं, नाहीतर घरी बसायचं. चार्ट लागून नाव पक्कं होतंय का बघत स्टेशनवर ताटकळायचं नाही." आईच्या भाचीचं लग्न असंच हुकलं. ते आई अजून काढते.

म्हणून रेल्वेकडून मला क्रीडा कोट्यातल्या नोकरीचं पत्र आलं, तेव्हा बाबांना काय वाटलं असेल ते सांगायला नको. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. गावोगावच्या छोट्या व्यावसायिक स्पर्धा खेळत होते आणि पात्रता फेरीतच हरत होते. क्रमवारीत नाव यायचं तर मुख्य स्पर्धेत सामना जिंकून गुण मिळवावा लागतो, आणि तो पहिला गुण काही हाताला लागत नव्हता. नोकरी म्हणजे कन्फर्म तिकीट. खेळायलाही मिळालं असतं, पण खात्याच्या संघातून, खात्याच्या वेळेत. हॉटेलांच्या खोल्या, लांबचे प्रवास, सगळं थांबलं असतं. पत्राबरोबर होकाराचा फॉर्म होता. तो त्या मंगळवारी संध्याकाळी पाचच्या आत द्यायचा होता.

घरात त्यावरून पंधरा दिवस वाजलं. बाबा मराठीत बोलायचे, मी हिंदीत भांडायचे. आमच्या घरात हे असंच चालतं. "सही तर करून ठेव, पुढचं पुढं बघू," बाबा म्हणायचे. "एक बार चली गई न, तो फिर कभी नहीं निकल पाऊँगी," मी म्हणायचे. शेवटी आईनं तोडगा काढला. त्याच आठवड्यात आमच्याच शहरात स्पर्धा होती. पहिला गुण मिळाला तर फॉर्म फाडायचा, नाहीतर भरायचा. मी ताबडतोब कबूल केलं. घरचं मैदान, घरचं जेवण, हरते कशाला?

सोमवारी मी पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात हरले. वाईट हरले. घरी येऊन जेवले नाही, फॉर्मवर सही केली आणि बाबांसमोर ठेवला. त्यांनी तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

तरी मंगळवारी सकाळी मी उठले आणि किट भरली. आईनं विचारलं, "आता कुठं?" मी म्हटलं, "सही करायला." बाबांनी स्कूटर काढली. माझ्याआधी नंबर लागेल अशा क्रमवारीतल्या दोन मुली सोमवारच्या रात्रीच्या गाडीनं निघून गेल्या होत्या. सही करायला आलो आम्ही दोघीच, दोघींनाही क्रमवारी नाही. पंचांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझं नाव पहिलं आलं. एक जागा रिकामी झाली तर ती माझी.

बाबांना खेळाडूंच्या मांडवात यायला परवानगी नव्हती. ते कुंपणाबाहेर कडुनिंबाखाली बसले. मी जाळीपाशी जाऊन त्यांना सांगितलं, "बारह बजे तक नाम नहीं आया तो आप फॉर्म दे आइए." ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. बारा ही वेळ मी नीट विचार करून दिली होती. ज्यांना माघार घ्यायची असते त्या सकाळीच घेतात, दुपारी कुणी घेत नाही. बाबांनी मान हलवली.

दहा वाजले. अकरा वाजले. मी पायांत बूट घालून, रॅकेट मांडीवर घेऊन बसले होते, कारण बोलावलं की पाच मिनिटांत उभं राहावं लागतं. जी मुलगी यायची तिच्या चालण्याकडे मी बघायचे, लंगडते का म्हणून. इतक्या वाईट मनानं मी आयुष्यात कुणाकडे बघितलेलं नाही. पण सगळ्या ठणठणीत होत्या.

बारा वाजले. बाबा उठले, हेल्मेट उचललं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि फाटकाकडे गेले. मी टॉवेल तोंडावर घेतला आणि रडले. मला लाज वाटली नाही आणि आत्ताही वाटत नाही. पण बूट काढले नाहीत. दिवसभराची सही होती, दिवसभर बसणार होते.

साडेबाराला पंच स्वतः मांडवात आले आणि माझं नाव घेतलं. चौथ्या मानांकित मुलीचं पोट बिघडलं होतं. लखनौत आल्या आल्या तिनं चौक नावाच्या जुन्या बाजारात जाऊन काय काय खाल्लं, ते मला नंतर कळलं. देव तिचं भलं करो. तिचा सामना दोन वाजता होता, तो आता माझा.

पहिला सेट मी सपशेल गमावला. हात जड झाले होते. बाजू बदलताना खुर्चीवर बसले आणि मनात आलं, फॉर्म आत्तापर्यंत पोचला असेल. नोकरी पक्की. आता हरले तरी काय जाणार आहे? त्या एका विचारानं खांदे सैल झाले. मग मी अशी खेळले की प्रेक्षकांत येऊन बसलेल्या सरांनीसुद्धा ओरडणं बंद केलं. रेषेवर मारायचं म्हणजे रेषेवर. दुसऱ्या सर्व्हिसलाही हात आखडता घेतला नाही. तिसऱ्या सेटमध्ये पायांत गोळे आले, तरी पैर चलाए. शेवटचा चेंडू तिनं जाळीत मारला तेव्हा घड्याळात सव्वापाच झाले होते. पहिला गुण माझा होता, आणि माझ्या हिशेबानं नोकरीही.

हस्तांदोलन करून वळले तर कुंपणाच्या जाळीला चेहरा लावून बाबा उभे. एका हातात हेल्मेट. शर्टाच्या खिशात तीच घडी, घामानं ओली झालेली.

मला आधी वाटलं ते देऊन परत आले आणि ही पोच असेल. जवळ गेले. फॉर्मच होता.

"तुम्ही गेलाच नाहीत?" मी मराठीत विचारलं. कसं कोण जाणे, त्या दिवशी मराठीच आलं.

"फाटकापर्यंत गेलो होतो."

"अहो, पण बारा वाजता माझं नाव आलंच नव्हतं! तेव्हा काय माहीत होतं तुम्हाला?" मला राग आला होता. खरंच राग आला होता. अडीच तास मी ज्या नोकरीच्या भरवशावर बिनधास्त मारत होते, ती नोकरी नव्हतीच. "आणि हरले असते तर?"

बाबांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. स्कूटरला किल्ली लावली होती, म्हणाले, आणि फाटकातून मागं वळून बघितलं. मी टॉवेलात तोंड घालून रडत होते, पण पायांत बूट तसेच होते.

"चार्ट लागायच्या आत तू स्टेशन सोडलं नाहीस," बाबा म्हणाले. "मग मी कसा सोडू?"