कुरुंदवाडची राहिलेली होडी

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी गाडीच्या सीटवर आधी बसले, मग दोन्ही गुडघे जुळवून पाय एकत्र आत घेतले. अमोलने, माझ्या नवऱ्याने, दार लावून घेतलं. मागच्या सीटवर अकरा महिन्यांची सई आपल्याच पायातला मोजा ओढत होती.

"होडीत पण असंच बसणार?" अमोलने विचारलं.

"हो."

"आणि नाही जमलं तर?"

"तर घाटावर बसेन. सवय आहे."

कोल्हापूर ते कुरुंदवाड अंतर पन्नासेक किलोमीटर. एवढ्याशा प्रवासाचं काय लिहायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या होडीत मी मागच्याच हिवाळ्यात चढायला हवं होतं, आणि चढू शकले नव्हते.

तेव्हा मला सातवा महिना होता. सासर कुरुंदवाडचं, घर नदीपासून जवळ, त्यामुळे सासूबाईंनी होडीतलं डोहाळेजेवण ठरवलं. होडीला झेंडूच्या माळा, दोन्ही टोकांना उसाचे वाढे, मी हिरव्या साडीत, अंगावर फुलांचे दागिने. बायका आत बसल्या. मी उजवा पाय घाटाच्या पायरीवर ठेवून डावा उचलला, आणि तिथेच थांबले. पोटाच्या खाली, अगदी पुढे, जिथे दोन हाडं जुळतात त्या फटीत कुणीतरी पहार घालून फिरवावी, तशी कळ आली. दुखणं पाचव्या महिन्यापासून होतं, पण इतकं कधीच नव्हतं.

"नको," मी म्हणाले.

"पाण्याला भ्यालीस व्हय?" सासूबाईंनी होडीतून विचारलं.

घाटावर सासरे होते, दोन चुलत दीर होते, नावाडी होता. मी होकारार्थी मान हलवली.

फुलं सुकून जाऊ नयेत म्हणून ती माझ्या अंगावरून काढून नणंदेला, पिंकीला घातली. होडी तिला घेऊन संगमाकडे गेली. पेढा की बर्फी, हेही तिनेच ओळखलं. तिच्या वाटीत पेढा निघाला, मला सई झाली. माणूसच चुकीचं होतं, वाटीचा काय दोष? फोटोंमध्ये उत्सवमूर्ती पिंकी आहे. मी एकाच फोटोत आहे, लांब मागे, घाटावर, प्लास्टिकच्या खुर्चीत. 'वैनी पाण्याला भ्याली' हा तेव्हापासून घरातला कायमचा विनोद.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत क्वालिटीला आहे. मशीनवर घडून आलेले कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, मोजायचे आणि मापात नसतील तर परत पाठवायचे, हे माझं काम. दोन भागांच्या जोडात गरजेपेक्षा जास्त हालचाल असेल तर आम्ही त्याला 'प्ले' म्हणतो. गरोदरपणात कमरेच्या खालच्या हाडांचे सांधे सैल होतात हे डॉक्टरांनी सांगितल्यावर मी मनात लगेच निदान केलं: प्ले वाढलाय, आवळायला हवं. आधाराचा पट्टा मिळाला तो इतका आवळला की दुखणं दुप्पट झालं. बाळंतपणानंतर ते आपोआप जाईल, असं सगळे म्हणाले. बऱ्याच जणींचं जातं. माझं राहिलं. सई तीन महिन्यांची झाली तरी मला कूस बदलताना श्वास रोखावा लागे आणि सलवार पलंगावर बसूनच घालावी लागे.

मग कोल्हापुरातल्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेले. त्यांनी पट्ट्याची ताणली गेलेली भोकं बघितली आणि म्हणाल्या, "हा काय नटबोल्ट आहे? पट्टा नुसता आधार देतो. सांधा धरून ठेवायचं काम स्नायूंचं." त्यानंतर रोज व्यायाम. कंटाळवाणे, छोटे, घाम न आणणारे. एका पायावर भार देणं सगळ्यात शेवटी आलं.

ते आलं, तेव्हा मी सासूबाईंना फोन केला आणि होडी सांगून ठेवा म्हणाले.

आम्ही शिरोली, हातकणंगले, जयसिंगपूर असा रस्ता धरला. रस्ता चांगला आहे, पण जानेवारीत उसाचे ट्रॅक्टर असतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्या भरून बाहेर आलेला ऊस, आणि पूर्ण आवाजात गाणी. घाई करण्यात अर्थ नाही. माझ्यासारखं दुखणं असेल तर गाडी चालवणाऱ्याला गतिरोधक दिसला की सांगायला सांगा. अचानक बसलेला दणका आणि माहीत असलेला दणका यांत फार फरक पडतो. मांड्यांमध्ये छोटी उशी दाबून धरली की आणखी बरं. आणि बसून अंग आखडायच्या आत थांबा, दुखायला लागल्यावर नाही.

आम्ही जयसिंगपुरात थांबलो. हे गाव मला आवडतं. सरळ रस्ते, सरळ गल्ल्या, गल्ल्यांना नंबर. पत्ता सापडतो. स्टँडजवळच्या गाड्यावर मिसळ घेतली. मी उभ्यानेच खात होते, कारण बाक बुटका होता आणि बुटक्यावरून उठणं मला अजून आवडत नाही.

गाडेवाल्याने अमोलला हटकलं, "पावणं, वैनी उभ्या का? आमच्या बाकाला काय काटं हायत व्हय?"

"नाहीत. तिला उभंच बरं वाटतं."

"मग ऱ्हाऊ द्या. पर कट आणि घ्या म्हणावं, उभ्यानं जास्त जातोय."

रस्सा खरंच जास्त गेला.

शिरोळ ओलांडलं की हवेत मळीचा वास येतो. नृसिंहवाडीला आम्ही दुपारी पोहोचलो. देऊळ खाली नदीकाठी आहे, म्हणजे पायऱ्या. माझा नियम साधा आहे: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय येईपर्यंत पुढची नाही. मागचे लोक चुकचुकतात. चुकचुकू द्या. प्रसादाच्या पंगतीत मांडी घालायला जमत नसेल तर वाढणाऱ्यांना सरळ सांगा, कडेला बसायची सोय करून देतात. मी मागच्या खेपेला सांगितलं नव्हतं आणि उठताना अमोलच्या खांद्याला नखं रुतवली होती. यावेळी सांगितलं. येताना कवठाची बर्फी घेतली. आंबटगोड, किंचित तुरट. तिथे गेलात तर बासुंदीच्या नादात ती विसरू नका.

संध्याकाळी कुरुंदवाडला पोहोचलो तर सासूबाईंनी तेल कोमट करून ठेवलं होतं.

"कंबर बघू तुजी," त्या म्हणाल्या.

"आता बरी आहे, आई."

"बरी असली तरी चोळती. उद्या होडीत चढायचं हाय न्हवं? आन् भ्यायचं न्हाय अजाबात. बंडूमामा लई जुना नावाडी हाय."

पिंकी आतून ओरडली, "वैनी, टायरची ट्यूब आणू काय कमरंला बांधायला?"

मी पालथी झोपून तेल चोळून घेतलं. माझ्या कमरेला गेल्या सव्वा वर्षात जितकं तेल मिळालंय, तितकं तिने कधीच मागितलं नव्हतं.

रविवारी सकाळी घाटावर गार वारा होता आणि पाण्यावरून वाफ निघत होती. होडी तीच. पिंकीने एका टोकाला झेंडूची एक माळ बांधली होती.

माझी योजना अशी: होडीचा काठ पायरीच्या उंचीला असेल, त्या काठावर बसायचं आणि गाडीत घेते तसे दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. पण पाणी उतरलं होतं. होडीचा काठ पायरीपेक्षा चांगला वीतभर खाली, आणि मोकळी झालेली पायरी शेवाळाने हिरवीगार.

अमोलने माझ्याकडे पाहिलं. सईला घेऊन पिंकी आत बसली होती, सासूबाईही बसल्या होत्या. मागच्या वर्षीचंच चित्र, फक्त प्लास्टिकची खुर्ची नव्हती.

मी काठाकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं. मग पायरीवर बसले.

"ओ ताई, वल्ल्या दगडावर बसू नका, घसरशीला!" बंडूमामा म्हणाले.

"म्हणूनच बसले. मामा, होडी घाटाला लावून धरा. अमोल, तू मागचं टोक धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

दोघांनी धरली. मी गुडघे जुळवले, दोन्ही हात मागे दगडावर टेकले, आणि दोन्ही पाय एकाच वेळी खाली होडीत ठेवले. होडी थोडी दबली. मी भार टाकला, हळूहळू, पूर्ण. उभी राहिले. थांबले.

कळ आली नाही.

"सोडा," मी म्हणाले.

"अय्यो, वैनी चढली की!" पिंकीने सईचे हात धरून टाळ्या वाजवल्या आणि टोकाची माळ सोडून माझ्या गळ्यात टाकली. "घे. तुझं सामान तुला परत."

माझी सलवार मागून हिरवी झाली होती. मला त्याचं काहीही वाटलं नाही.

अमोलही चढला आणि होडी संगमाच्या दिशेने निघाली. उन्हं आली. सासूबाई निवांत झाल्या आणि आवडत्या विषयावर आल्या. "बघ, कसं झ्याक बसलीयास. त्या टायमाला उगंच भ्यालीस."

"आई, मी भ्याले नव्हते. मला पोहता येतं."

"मग?"

"दुखत होतं."

"कंबर. ठावं हाय की मला."

"कंबर नाही," मी म्हणाले, आणि जिथे दुखत होतं, नेमकं तिथे, हात ठेवून दाखवलं.

बंडूमामा पलीकडच्या काठाकडे बघू लागले. अमोल माझ्याकडे. सासूबाई मात्र माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

"तिथं?"

"तिथं."

"येक पाय उचलला की?"

"हो."

"आन् रातीला कुशीवर वळताना? दोन हाडं येकावर येक घासल्यागत?"

हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. "तुम्हाला कसं माहीत?"

"अमोलच्या टायमाला." त्यांनी पदर सारखा केला. "साडी नेसताना भिताडाला टेकायची मी. सासरं पडवीत बसल्यालं असायचं. त्यांच्यासमोर काय म्हणायचं, कुठं दुखतंय? मी बी कंबरच म्हणत हुते. सासूबाई तेल चोळायच्या."



"म्हंजे," पिंकी म्हणाली, "दुखतंय पुढं आन् दोन पिढ्या तेल मागं?"

सासूबाई हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर घेऊन, मग पदर सोडून. मी सहसा लोकांसमोर मोठ्याने हसत नाही. त्या दिवशी हसले.

"मावशी, दमानं! होडी हाय ही, झोपाळा न्हवं," बंडूमामा ओरडले.

"माझ्या वेळी झालं?" अमोलने हळूच विचारलं.

"तुज्याच. डोस्कं लई मोठं हुतं तुजं. अजून हाय."

संगमाजवळ होडी थांबवून आम्ही कवठाची बर्फी खाल्ली. वाट्या झाकून कुणी काही ओळखलं नाही. सईने बर्फीचा कण चाटून तोंड वाकडं केलं आणि पुन्हा हात पुढे केला.

परत घाटाला लागलो तेव्हा ऊन चढलं होतं. अमोल आधी उतरला, पिंकीने त्याच्याकडे सईला दिलं. सईने वरून माझ्याकडे हात पसरले आणि रडायचा सूर लावला. "आले, आले," म्हणत मी वर गेले आणि तिला घेतलं.

"वैनी," पिंकी होडीतूनच म्हणाली, "तू आत्ता कशी चढलीस?"

मी मागे वळून पाहिलं आणि आठवलं. डावा पाय पायरीवर, उजवा होडीत, होडी हलती, दोन्ही पाय फाकलेले. मागच्या वर्षी जिथे थांबले तीच हालचाल, शिवाय वीतभर चढ. ती होऊन गेली होती आणि मला कळलंही नव्हतं.

आमच्याकडे एका मापावर पार्ट पास करत नाहीत. मी सईला परत अमोलकडे दिलं, होडीत उतरले, एकेक पाय टाकत, आणि पुन्हा वर आले. यावेळी लक्ष देऊन. डावा पाय. भार. उजवा पाय. किंचित ताण जाणवला. दुखलं नाही.

"आनी येकदा?" बंडूमामांनी विचारलं. "आता पैसं पडतील."

"नको. पास आहे."

खरं तेच लिहायचं तर परतीच्या वाटेवर, हातकणंगल्याच्या आसपास, सांध्यात ठणका लागला. घरी आल्यावर उशी, कूस, विश्रांती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेला. पूर्वी असा ठणका आठवडाभर मुक्कामाला असायचा. तुम्ही यातून जात असाल तर माझं बघून होडीत चढू नका. आधी कुणा जाणकाराला दाखवा आणि कुठे दुखतंय ते नेमकं सांगा.

झेंडूची माळ मी फेकली नाही, पण जपूनही ठेवलेली नाही. ती गॅलरीतल्या कुंडीत गेली. पट्टा कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला. पिंकीने घाटावरचा नवा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'वैनी पाण्याला भ्याली न्हवती.' त्याखाली सासूबाईंनी फक्त तेलाच्या बाटलीचा फोटो टाकला. घरातला विनोद बदलला, एवढं नक्की.

सोमवारी कामावर गेले. आमच्या पॅकिंगमधल्या एका मुलीला सहावा महिना आहे. जेवणाच्या सुट्टीत ती रॅकला धरून, पाय न उचलता सरकत येत होती. तिची मैत्रीण म्हणाली, "मॅडम, हिची कंबर धरलीय."

एरवी मी 'काळजी घे' म्हणून पुढे गेले असते.

"कंबर," मी विचारलं, "की पुढं?"

तिने आजूबाजूला पाहिलं. सुपरवायझर लांब होता.

"पुढं," ती म्हणाली.

मी दोन खुर्च्या ओढल्या. "आधी बस," म्हटलं, "गुडघे जुळवून."