हर्षलाची कबूल केलेली चूक

हवाई वाहतूक नियंत्रकाच्या प्रशिक्षणातील अंतिम चाचणीत नापास होणारा उमेदवार थेट घरी जातो. शेलूच्या हर्षलाने त्या चाचणीत, सरावाच्या पडद्यावर समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांना अनवधानाने एकच उंची दिली. परीक्षकांनी टोकण्यापूर्वीच तिने ‘चूक माझी’ असे सांगून एका विमानाला वर नेले. ती उत्तीर्ण झाली.

रसायनीच्या कारखान्यात तीस वर्षे काढलेल्या तिच्या वडिलांना, हिराजींना, हे उमगेना.

“चूक केलीस नि पास कशी गं?”

“लपवली असती तर नापास केलं असतं, बाबा.”

दुसऱ्या दिवशी हिराजी गावात पेढे वाटत फिरले. कोणी गुण विचारले की म्हणत, “गुण मला ठावं नाय. पोरीनं चूक केली, नि कोनी इचारायच्या आधी सोताच सांगितली.”